मिटल्या डोळ्यांचा वर्ग

दहिवडीहून सांगलीला इलेक्ट्रॉनिक्स शिकायला आले, त्याच वर्षी मी चौगुले सरांच्या इंग्रजीच्या शिकवणीत पहिल्यांदा पाऊल टाकले. आत सगळे डोळे मिटून बसले होते. सर एक क्रियापद उच्चारत आणि त्याच्यामागे येणारा छोटा शब्द वर्गाने एका सुरात म्हणायचा. ‘डिपेंड’ म्हटले की ‘ऑन’. शेजाऱ्याचे ओठ पाहून कुणी उत्तर देऊ नये, म्हणून डोळे मिटायचे.

याला नियम का नाही, असे उंब्रजच्या तानाजीने एकदा विचारले.

“का रं तानाजी, सापाला भितोस का सापावर?”

“सापाला.”

“आणि बायकोला चिडशील का बायकोवर?”

“आधी मिळू तर द्या, सर!”

वर्ग हसला. सर म्हणाले, “नियम कुणी शिकवला तुला? कानानं शिकलास. हेबी तसंच.”

मी महिनाभर तोंड उघडले नाही. सरांनी एकदाही मला उठवले नाही. “कान चाललेत ना तुझे? तोंड येईल मागनं,” एवढेच जाता जाता म्हणाले.

मी शेवटच्या वर्षाला असताना मिरजेत सरांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, आवाज गेला. दिवाळीनंतर त्यांनी आम्हाला बोलावले. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, दारातच म्हणाल्या, “आजचा शेवटचा. बंद करायचं ठरवलंय ह्यांनी. आवाजाशिवाय कसला वर्ग?”

सर खुर्चीत बसले. आम्ही सवयीने डोळे मिटले. बराच वेळ पंख्याची घरघर तेवढी होती. मग वर्ग एका सुरात ‘ऑन’ म्हणाला. मीही म्हणाले. त्यानंतर ‘फ्रॉम’. त्यानंतर ‘विथ’.

डोळे उघडले तेव्हा सरांचा चेहरा पांढरा पडला होता.

“सर, आवाज आला की तुमचा!” तानाजी म्हणाला.

सरांनी नकारार्थी मान हलवली आणि फळ्यावर लिहिले: इन्सिस्ट, रिफ्रेन, कोप. ही क्रियापदे त्यांनी नुसती मनात म्हटली होती, याच क्रमाने. त्यांचा क्रम रोज वेगळा असे.

काकूंनी विनवल्यावर सरांनी आणखी एक वर्ग घ्यायचे कबूल केले. मी टेपरेकॉर्डर नेला. फितीवर पंखा आहे, शांतता आहे आणि आमची उत्तरे आहेत. त्या शांततेच्या जागी मी स्वतः सरांचा आवाज ऐकला होता. खुलासा माझ्याकडे नाही.

सरांनी फीत पुन्हा पुन्हा ऐकली. “मग, करायचा बंद?” काकूंनी विचारले. सरांनी फळ्यावर पुढच्या सोमवारची वेळ लिहिली.

वर्ग आजही चालतो. साताऱ्यापासूनची मुले येतात. सरांना बोलताना ज्यांनी कधी ऐकलेच नाही, तीही अचूक उत्तरे देतात. आवाज कसा आहे, असे मी त्यांना वेगवेगळे गाठून विचारले. सगळी एकच गोष्ट सांगतात: जाडसर, शेवटाला किंचित चढणारा. तो तसाच होता.

सरांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांची प्रकृती उत्तम राहो आणि त्यांच्यासमोर डोळे मिटून बसणाऱ्यांच्या अनेक पिढ्या ते पाहोत. काकूंना मात्र शस्त्रक्रियेनंतर तो आवाज अजून ऐकू आलेला नाही. येत्या सोमवारी त्या पहिल्यांदाच वर्गात बसणार आहेत. त्यांनाही तो ऐकू यावा.