शालीखालच्या गोधड्या

वसुधाच्या घरी पाहुणा यायचा असला की आधी बेसिन घासलं जायचं, मग दिवाणावरची चादर बदलायची, आणि शेवटी घरातलं दुःख आत ढकललं जायचं. घाटकोपरच्या दोन खोल्यांत ढकलायला जागा तरी कुठे होती! पण सासूबाईंनी मालवणहून आणलेली शिकवण एकच: झाकली मूठ सव्वा लाखाची. गिरणी बंद पडून सासरे घरी बसले तेव्हाही या घराने चाळीत कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. वसुधाने तो वसा नेमाने चालवला.

तिचा मुलगा मुकुल एकोणीस वर्षांचा. स्नायूंच्या आजाराने त्याची पाठ डावीकडे वाकत चालली होती. वडील चंद्रप्रकाश अंधेरीच्या एका ऑफिसात होते. तिथल्या विम्यातून विजेवर चालणारी व्हीलचेअर मंजूर झाली, घरी आली, सोसायटीत पेढेही वाटून झाले. पण नुसत्या खुर्चीत मुकुल बसणार कसा? त्याला हवी होती त्याच्या मापाची बैठक. पाठीला साचा, बरगड्यांना दोन्हीकडून आधार, डोकं टेकायला उशी. विमा कंपनीने ते सगळं 'सोयीच्या वस्तू' म्हणून बिलातून कापलं. आधार नसेल तर वाकलेली पाठ फुप्फुसांवर दाबेल, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. श्वास घेणं ही सोय असते, हे वसुधाला तेव्हा कळलं.

मग तिने आपला उपाय केला. जुन्या साड्यांच्या गोधड्या घट्ट गुंडाळून ती मुकुलच्या दोन्ही काखांखाली खोचायची, छातीवरून ओढणी आवळायची. जरा वेळाने सगळं सैल पडायचं, मुकुल कलायचा, आणि तव्यावरची पोळी तशीच टाकून ती धावायची.

चंद्रप्रकाशांनी तक्रार लावून धरली. अखेर कंपनी आपला डॉक्टर घरी पाठवायला तयार झाली. मुकुल आधाराशिवाय कसा बसतो, तेवढंच त्याला बघायचं होतं. आणि त्या सकाळी वसुधाने काय केलं? पाहुण्यासाठी करते तेच. गोधड्या नव्याने करकचून खोचल्या, मुकुलचा भांग पाडला आणि त्याच्या खांद्यावरून ठेवणीतली शाल पांघरवली.

"आई, मी काय गणपती आहे का, मखरात बसवायला?"

"गप रे. परका माणूस येतोय. त्या मळक्या चिंध्या दिसायला नकोत."

"अगं, दिसायलाच हव्यात ना यार!"

तिने ते हसण्यावारी नेलं. बाईला काय म्हणावं! डॉक्टर देवव्रत आला, तरुण आणि अदबशीर. खोबऱ्याची वडी खाता खाता म्हणाला, "छान बसतोस की रे."

"डॉक्टर, ही शाल जरा..." मुकुल म्हणाला.

"थंडी वाजते त्याला," वसुधा मध्येच बोलली. मे महिना होता, पंखा पाचवर होता. देवव्रतने शाल उचलून बघायला हवी होती, त्याचं कामच होतं ते. पण त्याला मुलुंडचं आणखी एक घर गाठायचं होतं.

आठवड्याने चंद्रप्रकाशांनी मोबाईलवर निकाल वाचून दाखवला. रुग्ण ताठ बसतो, जादा आधाराची गरज नाही. 

"मीच झाकलं हो," ती ढसाढसा रडली. "पोराची वाट मीच लावली."

फेरविचाराची एकच संधी उरली होती. मुकुलचा आधाराशिवायचा फोटो पाठवायचा होता. रविवारी वसुधाने ओढणी सोडली, गोधड्या काढल्या. चंद्रप्रकाश मोबाईल घेऊन समोर उभे राहिले.

"आई, आता पडू दे हं मला. पकडू नकोस," मुकुलने बजावलं.

तो कलला, आणि तिचा हात पुढे गेला.

"वसुधा, अगं हात!"

पुन्हा केलं, पुन्हा तेच. आई ती, हाताला कोण समजावणार? मुकुलला धाप लागली तेव्हा त्यांनी नाद सोडला. त्यातल्या त्यात ज्यात तिची नुसती बोटं दिसत होती तो फोटो त्यांनी पाठवला. एवढ्यावरून तरी कळेल, असं त्यांना वाटलं.

कंपनीला कळलं ते इतकंच. रुग्ण घरच्यांच्या मदतीने बसू शकतो. प्रकरण बंद.

मुकुल ऐकून हसला, मग बराच वेळ खोकला. "खरंच आहे की ते. पण आई, तू म्हातारी झालीस की मला कोण धरणार?"

ती म्हातारी होईपर्यंत तो असणार नाही, असं त्याचे डॉक्टर म्हणाले होते. ते तिला एकटीला बोलावून सांगितलं होतं, आणि तेही तिने झाकूनच ठेवलं होतं.

"तेव्हाचं तेव्हा बघू रे," वसुधा म्हणाली आणि गोधडी पुन्हा गुंडाळायला बसली.