अर्धं काढलेलं भुयार

दुपारच्या सुट्टीत डबा उघडून बसलो होतो. फोनवर इंटरनेटवरच्या ओळखीतल्या एका मुलीचा निरोप आला. तो वाचला आणि हातातला भाकरीचा तुकडा तसाच डब्यात परत ठेवला.

‘सर, माझी सोलापूरला बदली झालीय! तुमच्या रविवारच्या टेबलवर एक जागा मिळेल का?’

बातमी आनंदाची होती, तिच्यासाठी. माझ्यासाठी मात्र नव्हती. कारण रविवारचं टेबल असं काही नव्हतंच. कधीच नव्हतं.

हे नीट सांगायला हवं. मी चादरी आणि टॉवेलांच्या नक्ष्या काढतो. आता काम संगणकावर होतं, पण माझा हात अजून चौकटीच्या कागदावरच खुलतो. एक चौकोन भरला की एक धागा वर, असं ते काम. त्या कागदामुळेच मी या खेळाकडे ओढला गेलो. इंटरनेटवर फुलापानांच्या नक्ष्या शोधत होतो, त्यात एक वेगळंच चित्र समोर आलं. चौकटीच्या कागदावर काढलेल्या खोल्या, जिने, विहिरी, दारं. ती चादर नव्हती, एका खेळाचा नकाशा होता. चार-पाच माणसं टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी चोर, कुणी वैद्य, कुणी तलवारबाज. चालवणारा सांगतो, समोर दार आहे, आतून आवाज येतोय, काय करता? ते काय करतात ते तोंडाने सांगतात आणि जमलं की फसलं ते फाशांवर ठरतं. जिंकणं-हरणं असं काही नाही. एवढाच खेळ. पण त्याने मला पार वेड लावलं.

नियमांची पुस्तकं मागवली. वाचून संपली की पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. वीस बाजूंचा फासा मागवला. बायकोने तो हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाली, "फासे? अहो, जुगाराची वस्तू आणि आपल्या घरात?" म्हणून फासे कारखान्यातल्या माझ्या खोलीत, रंगाच्या रिकाम्या डबीत राहिले. तिथेच मी माझं भुयार काढायला घेतलं. डोंगराखाली गाडलं गेलेलं एक अख्खं गाव. देऊळ, बाजार, तुरुंग. कामातून वेळ मिळाला की एखादी खोली वाढवायची. वर्षानुवर्षं वाढवत राहिलो.

खेळलो मात्र एकदाही नाही.

माणसं मिळत नाहीत, असं मी स्वतःला सांगत असे. ते खरं नव्हतं, कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं. मनातल्या मनात खेळ कधी फसत नाही. खरोखर बसलो असतो आणि मला चालवताच आलं नसतं, तर मग माझ्याकडे काय उरलं असतं? ही भीती मी कुणाला सांगितली नाही. मराठीतून हा खेळ खेळणाऱ्यांचा एक ऑनलाइन गट मला सापडला, तिथेही नाही. तिथे कुणीतरी एका नियमाबद्दल विचारलं. उत्तर मला पाठ होतं, मी दिलं. त्याने पुढे विचारलं, तुमच्या टेबलवर तुम्ही हे कसं करता? आणि मी लिहून गेलो, ‘आमच्या टेबलवर आम्ही...’

इतकंच. पण ते टेबल मग मला पुसता आलं नाही. त्याच्याभोवती मी माणसं बसवली. एक घाबरट वैद्य, एक तापट तलवारबाज. एकाने विचारलं, आमच्यातला एक जण सतत चेष्टा करून खेळाचा विचका करतो, काय करू? मी लिहिलं, ‘आमच्याकडेही असा एक होता. मी त्याला सरळ सांगितलं, पुढच्या रविवारपासून येऊ नकोस. कठोर व्हावं लागतं.’ त्या उत्तराखाली पुष्कळ जणांनी जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं होतं. लोक मला सर म्हणू लागले.

आणि आता त्यातली एक जण सोलापुरात येऊन पोचली होती.

तो आठवडा मी कसा काढला ते मलाच ठाऊक. पहिल्यांदा वाटलं, लिहावं, मंडळी फुटली, खेळ बंद पडला. पण तिचा दुसरा निरोप आला होता, ‘इथे मी कुणालाच ओळखत नाही सर, रविवारची वाट बघतेय.’ मी ‘या’ असं लिहिलं आणि फोन टेबलावर पालथा घातला.

मग माणसं जमवायला निघालो. आमच्या कारखान्यात मागांची दुरुस्ती करणारा एक जॉबर आहे. कुंभारीहून येतो. दिवसभर मागांच्या खडखडाटात असतो म्हणून बोलतो मोठ्याने आणि बोलतो सतत. त्याला सगळं सांगितलं. तो डोळे बारीक करून ऐकत राहिला.

"म्हंजे मी चोर?" तो म्हणाला.

"खेळातला."

"आन् मी लई वर्सं चोर हाय, आसं सांगायचं त्या मॅडमला?"

"हो."

"त्ये जमंल की. त्यात काय? आमच्या घरात तर सगळ्यांना वाटतंच."

मग बायकोला विचारलं. तिने कणीक मळता मळता सगळं ऐकून घेतलं. हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं. "बसते मी," ती म्हणाली. "पण त्या पोरीशी खोटं बोलणार नाही बघा. तिनं विचारलं नाही तर गप्प बसेन. विचारलं तर सांगेन." आणि थोड्या वेळाने, "रविवारी पाणी यायचंय. नळ आला की मी उठणार."

रविवारी दुपारी ती आमच्या घरी आली. तिशीची असेल. हातात स्वतःच्या फाशांची कापडी पिशवी. बायकोच्या पाया पडली, मला म्हणाली, "सर, विश्वास बसत नाहीये." माझाही बसत नव्हता. कारखान्यातून आणलेली डबी उघडताना फासे हातातून निसटून जमिनीवर सांडले. जॉबर ते गोळा करत म्हणाला, "सुरवातच झकास केली की!" आणि मला वाटलं, संपलं. पण ती हसली.

खेळ सुरू झाला. माझा आवाज माझा वाटत नव्हता. "डोंगराच्या पोटात एक वाट जाते," मी म्हणालो आणि पुढे काही सुचेना. एवढी वर्षं प्रत्येक वाक्य तयार होतं, नेमकं तेव्हा एकही सापडेना. तिघं माझ्याकडे बघत होती. कूलरची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"वाटंत कुत्री हायत का?" जॉबरने विचारलं.

"कुत्री?"

"मी चोर हाय न्हवं? चोरानं पयलं त्येच बघावं."

माझ्या भुयारात कुत्री नव्हती. "आहेत," मी म्हणालो. "एक आहे. म्हातारं. झोपलंय." बायको लगेच म्हणाली, "आजारी असेल. माझी बाई औषधं देणारी आहे ना? ती बघेल त्याला." आणि ते कुत्रं त्यांच्याबरोबर भुयारात शिरलं. मी कागदावर कधीही न काढलेलं एक म्हातारं कुत्रं. जॉबरने कुत्र्याच्या मालकाची नक्कल केली, कुत्र्याशी कानडीत बोलला, मग त्याच्या वतीने उत्तरंही दिली. ती मुलगी डोळे पुसेपर्यंत हसली. आणि हसता हसता एकदम थांबून माझ्याकडे वळली.

"सर, यांना तुम्ही उठवलं नाहीत?"

"म्हणजे?"

"तुम्ही लिहिलं होतं ना? सतत चेष्टा करणाऱ्याला तुम्ही येऊ नकोस म्हणालात. हे तर तसेच आहेत. पण यांच्यामुळेच तर मजा येतेय."

काहीतरी पुटपुटलो. बायको माझ्याकडे बघत होती. ती मुलगी आता बायकोलाच विचारणार, ह्या भीतीने मी घाईघाईने गोष्ट पुढे ढकलली. देवळापाशी आणलं, देवळाच्या मागचं मोठं दार दाखवलं. तेवढ्यात मोरीतून पाण्याचा आवाज आला. "नळ आला!" बायको उठली. "माझी बाई इथेच बसलीय कुत्र्यापाशी. मी येईपर्यंत तिला मारू नका."

"मी दार उघडतो," जॉबर म्हणाला. "पल्याड काय हाय?"

मी नकाशावर बोट ठेवलं. दार कागदाच्या मधोमध होतं. दाराच्या पलीकडे कोरा कागद होता.

कोणाही नक्षी काढणाऱ्याला हे लगेच कळेल. चादरीची नक्षी आम्ही अर्धीच काढतो. मधली रेघ धरायची आणि तिच्या एका अंगाचे चौकोन भरायचे. दुसरं अंग मागावर तसंच, आरशात दिसावं तसं उलटून येतं. हाताला तीच सवय. भुयारही मी तसंच काढलं होतं, मधल्या रेघेपर्यंत, आणि माझ्या नजरेला ते कायम पुरं दिसत आलं होतं. इतक्या वर्षांत मला कळलं नाही. कळणार तरी कसं? त्या दारापर्यंत कुणी चालत आलंच नव्हतं. कुणीही एकदा जरी खेळलं असतं तर पहिल्याच दिवशी उघडं पडलं असतं.

तिने वाकून बघितलं. "सर, हे अर्धंच आहे?"

मोरीतून बादली भरल्याचा आवाज येत होता. अजूनही काही सांगता आलं असतं, दुसरा कागद घरी... पण घरातच तर बसलो होतो.

"मी कधी खेळलेलो नाही," मी म्हणालो. "हा पहिलाच खेळ. टेबल नव्हतं. माणसं नव्हती. जे लिहिलं ते सगळं मनचं लिहिलं."

जॉबर मान खाली घालून फाशाच्या बाजू मोजू लागला.

"तो विनोद करणारा?" तिने विचारलं.

"तो पण नव्हता."

तिने हातातला फासा खाली ठेवला. मग बोलली तेव्हा आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "तो प्रश्न आमच्या टेबलवरच्या एका मुलाने विचारला होता. माझ्या मैत्रिणीबद्दल. शाळेपासूनची मैत्रीण. मध्येच बडबड करायची, नकला करायची. तुमचं उत्तर आम्ही सगळ्यांनी मिळून वाचलं. एवढा अनुभवी माणूस सांगतोय म्हटल्यावर... तिला सांगायचं काम माझ्यावर आलं. मी कठोर झाले. आता ती माझा फोन घेत नाही."

माफ कर, हे शब्द मी जुळवत होतो, पण ते इतके लहान वाटले की तोंडातून निघेनात. ती आपले फासे पिशवीत भरू लागली.

"मॅडम, निघाला?" जॉबर म्हणाला. "आन् मी? मी दारातच हुबा हाय की."

तिच्या ओठांची कड हलली, पण ती हसली नाही. चपला घालताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "आधी तिथे लिहा. माझ्यापुढे कबूल करून काय उपयोग?"

हातात ओली घागर घेऊन बायको दारात उभी होती. तिला काही सांगावं लागलं नाही.

मी लिहिलं. संध्याकाळी, अंगणात भरलेल्या पिंपांशेजारी बसून. टेबल नव्हतं, ते उत्तर खोटं होतं, ते वाचून कुणी कुणाला उठवलं असेल तर पुन्हा बोलवा. बटण दाबताना बोट दोनदा चुकलं. उत्तरं आली. कुणी खोटारडा म्हणालं, कुणी गट सोडून गेलं. माझ्या जुन्या उत्तरांवर लोकांनी किती काय काय उभारलं होतं ते त्यांच्या रागातून मला कळत गेलं. ते सगळं मी वाचलं. वाचायला भीती वाटत होती म्हणूनच वाचलं.

आठवडाभर मी त्या कोऱ्या बाजूपुढे पेन्सिल घेऊन बसत होतो. पण हात दर वेळी तीच खोली उलटी करून काढू लागे. खोडून खोडून कागद तिथे पातळ झाला. शेवटी तो तसाच ठेवला.

पुढच्या रविवारी जॉबर वेळेआधीच आला. बायकोने शेंगांची चटणी वाटीत काढून ठेवली. कुणासाठी ते बोलली नाही. मी दाराकडे पाठ करून बसलो होतो, बघवत नव्हतं म्हणून. कडी वाजली.

"काका, येऊ?"

‘सर’ म्हणणं गेलं होतं. ते बरोबरच होतं. ती आत आली, माझ्या शेजारी न बसता समोर बसली आणि पिशवी उघडली. बायकोने हळूच विचारलं, "मैत्रीण?"

"निरोप पाठवला. तुमचं ते लिहिलेलं पण पाठवलं," हे ती माझ्याकडे बघून म्हणाली. "वाचलंय तिने. उत्तर नाही दिलं अजून."

बायकोने चटणीची वाटी तिच्यापुढे ठेवली.

"मग?" जॉबर खुर्ची पुढे ओढत म्हणाला. "मी दार ढकललं. आठवडा झाला हुबा हाय, पाय दुखाया लागले."

मी कागदाकडे बघितलं. रेघेपलीकडे काही नव्हतं.

"अंधार आहे," मी म्हणालो. "कुत्रं गुरगुरतंय. आत कुणीतरी उभं आहे."

"कोण?" तिने विचारलं.

बायकोने माझ्याकडे वाकून बघितलं. "अहो, तुम्हाला तरी माहितीय का ते?"

"नाही," मी म्हणालो आणि फासा जॉबरपुढे सरकवला.