अस्तराच्या अकरा जर्सी

आमच्या क्लबचा इतिहास सांगायला फार वेळ लागत नाही. तीन मोसम, दोन कोच, एक मालक. मालकाचा गणवेश शिवायचा कारखाना होता, आणि एका वर्षी त्याच्या मनात आलं की आपलाही फुटबॉल क्लब असावा, खेळाडूंना महिन्याच्या महिन्याला पगार असावा, बसवर आपलं नाव असावं. पहिल्या वर्षी बँड लावून उद्घाटन झालं. दुसऱ्या वर्षी बँड आला नाही. तिसऱ्या वर्षी मालकच यायचा बंद झाला. एवढं कुणीही सांगेल. मी सांगणार आहे ते माझ्या आत्याचं. तो क्लब नीट शेवटाला नेला तिने, आणि त्याचं श्रेय आजवर कुणी तिला दिलेलं नाही. मला याचा राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

आत्या त्या कारखान्यात एकोणीस वर्षं होती, त्यातली शेवटची सात शिलाई विभागाची मुख्य म्हणून. लग्न केलं नाही. "मला वेळ नव्हता, त्यांना धीर नव्हता," एवढंच सांगायची. मी तिच्याकडे राहून कॉलेज करत होते. फुटबॉलमधलं तिला काडीचंही कळत नव्हतं. ऑफसाइड म्हणजे काय ते कप्तानाने तिला तीनदा समजावलं आणि तिन्ही वेळा तिने मान डोलावून त्याला चहा दिला. पण संघाच्या जर्सी शिवायचं काम तिच्याकडे आलं, आणि तिथे तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती टेप लावायचीच नाही. माणूस एकदा समोरून चालत गेला की त्याचं माप तिच्या डोक्यात बसे. कप्तानाची मान जाड, म्हणून गळा अर्धा बोट खाली. डाव्या बाजूच्या बचावपटूचा एक खांदा उतरलेला, म्हणून त्या बाजूची बाही वेगळी. खेळाडूही तिला आत्याच म्हणायचे. सामन्याला ती कारखान्याचा आकाशी कोट घालूनच यायची, कारण त्याला चार खिसे होते आणि सुई, दोरा, ब्लेड, कात्री सगळं त्यात मावायचं.

तिसऱ्या मोसमाचा एकच सामना उरला होता, तोही परगावी. त्या आठवड्यात बुधवारच्या पेपरात मालकाचं निवेदन आलं: खेळाडूंनाच खेळण्याची इच्छा उरलेली नाही, सबब क्लब बंद करण्यात येत आहे. खेळाडूंना ते पेपरातूनच कळलं. जर्सीच्या खोलीला तोवर कुलूप लागलं होतं. संध्याकाळी कप्तान आमच्या घरी आला तो चप्पल न काढताच बोलायला लागला.

"आत्या, रविवारी खेळलो नाही तर लीगवाले आपलं अख्खं वर्ष काढून टाकणार."

"काढून टाकणार म्हणजे?"

"नियमच आहे तसा. मोसम पुरा केला नाही की सगळे निकाल रद्द. खेळलोच नाही असं धरतात."

"आणि गेल्या वर्षीच्या विजेत्यांना तुम्ही हरवलं ते?"

"तेही झालं नाही."

आत्याने हातातली कात्री टेबलावर आपटली. "एकवीस सामन्यांच्या शिवणी मी घातल्यात. आणि हा म्हणणार, झालंच नाही? वर्ष काय ह्याच्या बापाचं आहे?"

कप्तान म्हणाला, मोसम संपेपर्यंत लीगच्या कागदावर क्लब जिवंत आहे. अकरा जण एका रंगाच्या, नंबर घातलेल्या जर्सीत उभे राहिले तर कुणी अडवू शकत नाही. अकरा जण आहेत. जर्सी नाहीत.

तिने शुक्रवार-शनिवार रजा टाकली. कारखान्यातलं चिंधीएवढं कापडही तिने उचललं नाही, उगाच कुणाला बोलायला जागा नको म्हणून. बाजारात संघाचा विटकरी रंग शोधत फिरलो आम्ही. मिळालं ते कोटाच्या अस्तराचं कापड. सुळसुळीत, हातात न ठरणारं, प्रकाशाकडे धरलं तर पलीकडचा माणूस दिसावा असं. मी म्हटलं, आत्या, हे घालून खेळतील की लाजतील? "लाजायचं त्याने, ज्याने कुलूप लावलं," ती म्हणाली. मी नंबर कापले, तिने मशीन चालवलं. शनिवारी संध्याकाळी अकरा जर्सी घड्या घालून तयार होत्या, प्रत्येक ज्याच्या त्याच्या मापाची.

रविवारी भाड्याच्या टेम्पोतून आम्ही गेलो. समोरच्या क्लबचा सेक्रेटरी आम्हाला बघून असा उभा राहिला की जणू वसुलीला आलोय. आम्ही आलो नसतो तर आमच्याकडून आधी झालेली त्यांची हार पुसली जाणार होती. पंच मात्र शांत माणूस होता. त्याने रांग तपासली, नंबर तपासले आणि गोलकीपरपाशी थांबला. आमचा गोलकीपर उंच आणि हाडकुळा, त्याला सगळे खांब म्हणायचे.

"याची जर्सी वेगळ्या रंगाची पाहिजे," पंच म्हणाला.

आत्याने आयुष्यभर गणवेश शिवले होते. गणवेश म्हणजे सगळे एकसारखे. त्यातून खांबाची जर्सी नेहमी दुकानातून यायची, कोपराला गादी लावलेली, म्हणून ती तिच्या हाताखालून कधी गेलीच नव्हती. आणि मी, कॉलेजात शिकलेली शहाणी, माझ्याही लक्षात आलं नाही, आणि धांदलीत कप्तानाच्याही नाही. मला तिथेच रडू फुटलं. सेक्रेटरी गालातल्या गालात हसला. उसना शर्ट मागितला तर म्हणाला, आमच्याकडे जादा नाही. त्याच्यामागे बाकावर चार पडले होते.

"किती वेळ आहे?" आत्याने पंचाला विचारलं.

"आठ मिनिटं."

"पुष्कळ झाली. खांबा, काढ जर्सी."

तिने ब्लेडने जर्सीच्या पाठीवरचा १ हा नंबर उसवला. मग अंगातला आकाशी कोट काढला. त्याच्या खिशावर मालकाचं आडनाव निळ्या दोऱ्याने भरलेलं होतं, तिच्याच विभागात भरलेलं. तेही तिने उसवलं, अक्षरन् अक्षर, आणि दोरे झटकून टाकले. कप्तान कुजबुजला, "आत्या, नोकरी जाईल." ती म्हणाली, "सुई ओवून दे. मला आज ओवता येत नाहीये." तिच्या तोंडून मी ऐकलेलं भीतीचं ते एकच वाक्य.

नंबर पाठीवर बसला तेव्हा एक मिनिट उरलं होतं. बाह्या खांबाच्या कोपरापर्यंतच आल्या, बटणं बायकांच्या बाजूची, त्यामुळे लावताना त्याची बोटं अडखळली. पंचाने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "रंग वेगळा आहे, नंबर आहे," तो म्हणाला आणि शिट्टी वाजवली.

आम्ही चार गोल खाल्ले. अस्तर घामाने अंगाला चिकटलं, दोघांच्या काखेत उसवलं, आणि ती कडेला बसून धावत येणाऱ्याला टाके घालत राहिली. शेवटी शेवटी कप्तानाने एक गोल केला तेव्हा आमचे अकरा जण असे नाचले की सेक्रेटरीला वाटलं असेल, गोल मोजण्यात आपलीच चूक झाली. सेक्रेटरीच्या नाकावर टिच्चून नव्वद मिनिटं पूर्ण झाली. पंचाने कागदावर सही केली.

सोमवारी मॅनेजरने आत्याला बोलावलं. मी बाहेरच्या बाकावर होते, दार उघडंच होतं. टेबलावर टाइप केलेला कागद तयार होता: गोलकीपरने कारखान्याचा कोट तिच्या संमतीशिवाय नेला.

"एवढी सही करा," मॅनेजर म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो, नुसता घाबरट. "मालकांचं पेपरातलं निवेदन खोटं पडतंय. आम्ही हे लीगला पाठवतो. चोरीचे कपडे घालून खेळले म्हणून सामना रद्द होईल, विषय संपेल. तुमची नोकरी शाबूत."

"आणि खांब चोर?"

"तो काय, उद्या दुसऱ्या गावी जाईल."

आत्याने कागद उलटा केला, पेन मागितलं आणि उभ्या उभ्या लिहिलं: कोट मी माझ्या हाताने दिला. त्यावरचं नाव मी उसवलं. सामना पूर्ण झाला. खाली सही केली. सहीखाली हुद्दा लिहायची तिला सवय होती. तिने लिहिलं: माजी मुख्य, शिलाई विभाग.

मॅनेजरने ते वाचलं. "अहो, तुम्हाला अजून कुणी काढलेलं नाही."

"माहीत आहे," आत्या म्हणाली. "लीगला पाठवायचाय ना? आता पाठवा."