पहिल्या ओळीतलं कॉलेज

केनवडच्या शाळेत शिक्षकांचं नमराकडे पहिल्यांदा नीट लक्ष गेलं ते ती आठवीत असताना. पाण्याच्या टाकीची मोटर बंद पडली होती आणि तिचे अब्बा, गावातले मिस्त्री दिलावर, ती उघडून बसले होते. मधल्या सुट्टीत पोरगी डबा सोडून तिथं उभी राहिली. अब्बांनी हात मागे केला की हवा तोच पाना त्या हातात पडत होता. कोणता, हे सांगावं लागत नव्हतं.

बारावीनंतर तिनं मेकॅनिकलच घ्यायचं ठरवलं. कॉलेजांची यादी स्वतः विचारपूस करून केली. सगळ्यात वर अमरावतीचं, कारण तिथं पोरांना लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, रोज हात बसवू देतात, असं कळलं होतं. मग दाखल्यांसाठी रिसोड, वाशीम, पुन्हा रिसोड अशा फेऱ्या झाल्या. पसंतीक्रम भरायच्या दिवशी वाशीमच्या नेट कॅफेत नंबर लागेपर्यंत दुपारचे तीन वाजले. सकाळपासून बापलेकीच्या पोटात फक्त चहा होता.

"अकोल्याचं वरतं टाक, विकास," दिलावर कॅफेवाल्या पोराला म्हणाले. त्यांची बहीण अकोल्यात राहायची.

"अब्बा, अमरावती पहिलं."

"तुही फुपी अकोल्यात हाये. यादीचा फोटो मांगून राह्यली ती. तिचं गाव खाली दिसलं तं सालभर बोलन नाही आपल्यासंग."

"हे काय लग्नाचं कार्ड हाये का?"

"वरतं नुसता मान असते, बेटा. जायचं तं तुले अमरावतीलेच."

मागं रांग होती. विकासनं मान वर न करता अकोला पहिल्या ओळीत टाकलं. नमराला पुढं वाद घालायचा होता, पण तेवढं त्राण उरलं नव्हतं.

यादी लागली त्या दिवशी दोघं पुन्हा कॅफेत आले. पहिल्याच फेरीत अकोला लागलं होतं.

"पहिल्या पसंतीचं लागलं, चाचा. आता पुढच्या फेऱ्या बंद," विकास म्हणाला. "घेत असान तं हेच घ्या लागते."

अमरावतीला शेवटी ज्या मुलाचा नंबर लागला, त्याचे गुण नमरापेक्षा कमी होते. दिलावरांनी पडद्यावर बोट ठेवून दोन्ही आकडे पुन्हा वाचले.

"माह्यानं चूक झाली, बेटा."

"चाला, अब्बा. साडेचारची गाडी जाईन."

तिकडे मेहरबी फुपीनं सगळ्या मोहल्ल्यात सांगितलं, "इतके कॉलेज होते, पन पोरीनं मलेच निवडलं." तिला खरं काय ते आजवर कोणी सांगितलेलं नाही. नमरानंही नाही.

नमरा आता तिसऱ्या वर्षाला आहे आणि फुपीकडेच राहते. कॉलेजात लेथवर तिची पाळी पंधरा दिवसांतून एकदा येते. म्हणून दर रविवारी ती अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात जाते आणि सकाळी नऊ ते दुपारी दोन लेथवर उभी असते.