आयाळ स्कूटर घेतो

चादरीची घडी निम्मीच झाली होती. दोन टोकं वहिनींच्या हातात, दोन चष्मेवाल्यांच्या. आता चष्मेवाल्यांनी वाकून लोंबणारी कड उचलायची आणि टोकाला टोक जुळवायचं, एवढंच उरलं होतं. ते वाकले आणि त्यांचा उजवा गुडघा असा काही बोलला, की चादरीच्या पलीकडे वहिनींना स्वच्छ ऐकू आलं.

"अगं बाई, दार वाजलं का?"

"दार नाही, मी वाजलो," चष्मेवाले म्हणाले. आणि तसेच अर्धवट वाकलेले असताना, चादरीवरच्या फुलांकडे बघत, कितीतरी दिवस घशाशी अडकलेलं एकदाचं बोलून गेले, "स्कूटर घ्यावी म्हणतो."

वहिनींच्या हातून चादर सुटली.

दुसऱ्या कुठल्या घरात हे वाक्य कुणी मनावर घेतलं नसतं. पण या घरात ते म्हणजे, रोज नेमाने देवापुढे बसणाऱ्या माणसाने उठून हात झटकावेत आणि "उद्यापासून हे बंद" म्हणावं, त्यातलाच प्रकार होता. चष्मेवाले सिंहछाप मोटरसायकलचे भक्त. टाकीवर पितळी सिंहाचं तोंड असलेली, काळीभोर, अंगाने दणकट गाडी. बाजाराच्या कोपऱ्यावरच्या दुकानात बसून ते आठवडाभर लोकांच्या डोळ्यांवर काचा चढवायचे. पण रविवार उजाडला की ते चष्मेवाले राहत नसत. त्या दिवशी ते 'आयाळ' असत. तरुणपणी मानेवर रुळणारे केस वाऱ्यावर सोडून गाडी हाकायचे, म्हणून सिंहछापवाल्या मित्रांनी नाव ठेवलं. पुढे केस एकेक करून निरोप घेत गेले, डोकं भिंगासारखं लखलखीत झालं, पण नाव काही गळलं नाही.

ही मंडळी दर रविवारी सकाळी पुलाजवळच्या चहाच्या टपरीवर जमत. तिथे समोरासमोर दोन बाक. अलीकडचा बाक सिंहछापवाल्यांचा, पलीकडच्यावर बाकीचं जग. असा काही फलक नव्हता, पण कुणाची टाप नव्हती चुकीच्या बाकावर टेकायची. भेटल्यावर एकमेकांना "कसं काय, बरं आहे ना" वगैरे कुणी विचारत नसे. जुन्या गाडीला टाकीखाली, डाव्या गुडघ्यापाशी पेट्रोलचा नॉब असतो. गाडी उभी केल्यावर तो बंद करायला विसरलं, की पेट्रोल ठिबकत राहतं आणि पुढच्या वेळी गाडी हटून बसते. म्हणून आलेल्या माणसाला बाकावरून पहिला प्रश्न ठोकला जाई, "नॉब बंद?" आणि त्याने खालून चिमटी फिरवून दणक्यात उत्तर द्यायचं, "बंद!" हाच त्यांचा रामराम.

आणि या सगळ्यांत कडक आयाळ. एकदा दातांच्या डॉक्टरांची गाडी दुरुस्तीला होती, म्हणून ते बिचारे बायकोची स्कूटर घेऊन आले. आयाळने त्यांना स्कूटर टपरीच्या मागे, राखेच्या ढिगाशेजारी लावायला लावली. वर म्हणाला, "डॉक्टर, हे वाहन नव्हे. ही चाकं लावलेली खुर्ची आहे. हिच्यावर बसून दात काढा लोकांचे."

तेव्हा वहिनींच्या हातून चादर सुटली, त्यात नवल नव्हतं.

"कोणासाठी स्कूटर?" त्यांनी विचारलं.

"कोणासाठी म्हणजे? मला."

"तुम्हाला? खुर्ची?"

चष्मेवाले पलंगावर बसले. गुडघा चोळत म्हणाले, "किक मारवत नाही गं आता. मागल्या महिन्यात किक उलटली, तेव्हापासून पाय टेकतानासुद्धा कळ येते."

वहिनींनी चादर उचलली, झटकली, आणि त्यांच्या शेजारी बसून एकटीनेच घडी घालायला घेतली. "दुकानात तर येणाऱ्या प्रत्येकाला सांगता, नंबर बदलला की काच बदलायची, त्यात कसली आलीये लाज."

"ते डोळ्यांचं झालं."

"आणि गुडघे काय देवाने वेगळ्या कारखान्यात केलेत?"

त्यांनी उशीचा अभ्रा सरळ केला. खरी गोष्ट अशी, की ते लागोपाठ तीन रविवार टपरीवर गेले नव्हते. पहिल्या रविवारी पाहुणे आले होते, दुसऱ्या रविवारी खोकला आला होता, तिसऱ्या रविवारी दोन्ही आले होते. प्रत्यक्षात त्या तिन्ही रविवारी ते मागच्या अंगणात सिंहाचं पितळ चकाकवत बसले होते. स्कूटर घ्यावी तर रविवारची इभ्रत जाते, न घ्यावी तर रविवारच जातो. या पेचात माणूस कसा अडकला होता, ते वहिनींना दिसत होतं. पण म्हणून त्यांनी सोडलं नाही.

"एक विचारू? मला बघायला आलात तेव्हा कुठली गाडी होती तुमची?"

"ते कशाला आता..."

"बाणछाप. ती निळी, धूर सोडणारी. आमच्या बाबांनी सहज म्हटलं, माझ्याकडे सिंहछाप आहे. तर तुम्ही भर बैठकीत काय म्हणालात?"

चष्मेवाल्यांनी मान खाली घातली. तेव्हा ते बाणछापचे इतके कडवे भक्त होते, की होणाऱ्या सासऱ्यांना बिनदिक्कत म्हणाले होते, "सिंह कसला, म्हैस आहे ती! आणि तिच्यावर बसणारे सगळे दुधाच्या धारा काढायला निघाल्यासारखे दिसतात." लग्न त्यातूनही ठरलं ही देवाचीच कृपा. मग लग्नानंतर पहिल्याच सहलीत, चढाला लागल्यावर बाणछापला दोघांचं ओझं ओढेना. वहिनी उतरल्या, पदर खोचून चालू लागल्या, आणि गाडीच्या आधी माथ्यावर जाऊन वाट बघत उभ्या राहिल्या. बाण तिथेच मोडला. पुढच्या मोसमात दारात म्हैस आली, आल्याबरोबर तिचा सिंह झाला, आणि बाणछापला चष्मेवाले 'डास' म्हणू लागले. मध्ये कुठेही त्यांना आपण मत बदललं असं वाटलं नव्हतं. जग आधी चुकत होतं, आता सुधारलं, एवढंच.

"म्हणजे तुमचा देव एकदा बदलून झालेलाच आहे," वहिनी म्हणाल्या. "त्या वेळी तर गुडघाही दुखत नव्हता."

स्कूटर आली. फिक्या आकाशी रंगाची. दुकानात विक्रेता म्हणाला, "बटण दाबा, काका." काकांनी सवयीने सीटवरून उठून उजवा पाय हवेत नेला, काही सापडेना तेव्हा परत आणला, आणि बटण दाबलं. शिलाई मशीन चालावं इतपत आवाज झाला.

"चालू कधी होणार?"

"चालूच आहे, काका."

तिच्यासोबत त्यांनी एक हेल्मेट घेतलं. अख्खं डोकं आत जाईल असं, पुढे काळी काच. दिवसाढवळ्या डोळ्यांपुढे काळी काच लावू नये, असं गिऱ्हाइकांना बजावणारा हा माणूस. वहिनींनी ते उलटसुलट करून पाहिलं. "हे डोकं वाचवायला आहे की तोंड लपवायला?"

"दोन्ही."

रविवारी वहिनींच्या बहिणीकडे जायचं ठरलं. बाजारातून सरळ रस्ता होता. पण चष्मेवाल्यांचे हात आपसूक पुलाकडे वळले. मागे बसलेल्या वहिनींच्या डोक्यावर पुतण्याचं जुनं हेल्मेट होतं; खड्डा आला की ते नाकापर्यंत उतरायचं, त्यामुळे वळण चुकलेलं त्यांना टपरी आल्यावरच कळलं.

"अहो, इकडे कुठे?"

"जरा टायर बघतो."

"चालता चालता बिघडला का टायर?"

"तू बोलू नकोस. ओळखतील."

खरं म्हणजे त्यांना ऐकायचं होतं. आपल्यामागे मंडळी आपल्याबद्दल काय बोलतात, आपली जागा कुणी घेतली का, की रिकामी ठेवलीये. अलीकडच्या बाकावर डॉक्टर होते, आणि बँकेतला कॅशियर. हा कॅशियर शाळेपासूनचा मित्र. आवाज असा, की बँकेत याने कुणाला हळूच जरी पुकारलं, तरी रांग सरळ व्हावी.

"...खोकला नाही नि काही नाही," तो म्हणत होता. "घरी जाऊन बघतो आज. तो अंथरुणाला खिळला असेल तरच रविवार चुकवेल."

"किंवा दुसरी गाडी घेतली असेल," डॉक्टर म्हणाले.

"आयाळ? अहो, चार खांदेकऱ्यांऐवजी स्कूटर पाठवली, तर उठून चालत जाईल तो!"

काळ्या काचेआड चष्मेवाल्यांना घाम फुटला. आता गुपचूप पलीकडच्या बाकाशी थांबावं, दोन वाक्यं आणखी ऐकावीत आणि सटकावं, असं त्यांनी योजलं. त्यांनी स्कूटर स्टँडवर लावली. उतरले. आणि उतरता उतरता त्यांचा डावा हात, वर्षानुवर्षं जात होता तसा, आपल्या आपण खाली गेला. टाकी नव्हती, नॉब नव्हता. होती ती नुसती हवा. त्या हवेत चिमटी आडवी झाली आणि फिरली.

समोर कॅशियरच्या ओठांशी चहाचा ग्लास होता. त्याने कोण आलंय हे पाहिलंच नाही. फक्त ती फिरलेली चिमटी त्याच्या नजरेच्या कडेला लागली, आणि तोंडातून सवयीने निघालं,

"नॉब बंद?"

आणि हेल्मेटच्या आतून दणक्यात आलं, "बंद!"

टपरीवालीचा गाळणीवरचा हात थांबला. डॉक्टरांनी आधी स्कूटर पाहिली, मग चिमटी, मग हेल्मेट, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरत गेला, की त्यांच्या दवाखान्यात कुणी कधी पाहिला नसेल.

"मावशी," ते टपरीवालीला म्हणाले, "राखेच्या ढिगाशेजारी जागा आहे का हो? खुर्ची आलीये."

वहिनींनी नाकावरचं हेल्मेट वर सारलं. "नमस्कार, भाऊजी. आम्ही टायर बघायला थांबलोय."

डॉक्टर पोट धरून हसत होते, पण कॅशियर हसला नाही. तो उठून स्कूटरपाशी आला. चष्मेवाल्यांनी हेल्मेट काढलं. डोकं उन्हात चमकलं.

"स्कूटर घेतलीस?" कॅशियरने विचारलं, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला.

"गुडघा गेला रे. किक बसत नाही."

"आणि सिंह?"

"घरी आहे. विकला नाही. विकणारही नाही."

"गुडघा गेला, तर गेला. माझ्याही पाठीत चमक भरते, मी काय बोंब मारत फिरतो? पण तू काच खाली करून आमच्यासमोर उभा राहिलास? खोकला आला म्हणून मला फोनवर खोकून दाखवलंस! मी काढा कळवला तुला."

"घेतला मी काढा," चष्मेवाले ओशाळून म्हणाले. "कडू होता."

"खोकला नसताना?"

"तू एवढा कळवलास, म्हणून."

कॅशियरला हसू आवरेना. पण नियम तो नियम. तो बाकाकडे वळून म्हणाला, "आता याला बसवायचं कुठे? इकडे सिंहछापवालेच बसतात. याचा सिंह घरी, आणि हा आकाशी रंगाचा."

चष्मेवाले हेल्मेट पोटाशी धरून दोन बाकांच्या मध्ये उभे. इतक्या वर्षांत इतरांना त्यांनी ती मधली जागा दाखवली होती. तिथे स्वतः उभं राहिल्यावर ती किती रुंद आहे ते त्यांना कळलं. पलीकडच्या बाकावरचे दोघे अनोळखी लोक आपणहून सरकून जागा करू लागले, तेव्हा तर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी टपरीवाली मावशी पदराला हात पुसत बाहेर आली. "बाक कुणाचे?" तिने विचारलं. आणि तिनेच सांगितलं, "माझे. तुमच्या सिंहांपैकी एकाने तरी कधी ते उचलून आत ठेवलेत? मग कुणी कुठे बसायचं, ते मी सांगणार. बसा हो, काका. तुमच्या गुडघ्याला हाच बाक बरा, याची उंची जास्त आहे. आणि वहिनींना त्या कडेला बसू द्या, तिथे खिळा नाही."

चष्मेवाले आपल्या जुन्या जागी बसले. कॅशियरने आपला ग्लास उचलून त्यांना जागा केली, पण स्कूटरवरची नजर काही हलेना.

"बटण आहे का हिला?"

"आहे."

"नुसतं दाबायचं?"

"नुसतं."

"वाईट गाडी," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "किल्ली दे. किती वाईट आहे ते बघून येतो."

तो पुलावरून गेला. डावा पाय पायपट्टीवर गिअर शोधत होता, ते लांबूनही दिसत होतं. पुलाच्या त्या टोकाला वळून लगेच यायचं, तर तो दिसेनासाच झाला. मंडळींचा दुसरा चहा झाला, डॉक्टरांच्या खुर्चीवरच्या कोट्या संपल्या, वहिनींनी बहिणीला "थोडा उशीर होईल" असं कळवलं, तेव्हा कुठे साहेब परत आले. पाठ ताठ, चेहरा कोवळा.

"अगदी वाईट," त्याने जाहीर केलं. "दम नाही, आवाज नाही, इभ्रत नाही." मग किल्ली द्यायला जरा जास्तच वेळ लावत त्याने हळूच विचारलं, "आकाशी सोडून दुसरा रंग मिळतो का रे?"

पुढच्या रविवारी धरणापर्यंत जायचं ठरलं. सिंह मागे, स्कूटर पुढे. म्हणजे कुणाची पाठ नि कुणाचा गुडघा यांना सोसेल अशा चालीने सगळे जातील. वाट दाखवायची आयाळनेच. वहिनींनी विचारलं, "आणि मी?" तर कॅशियर म्हणाला, "वहिनी, तुमच्याशिवाय निघायचं नाही. हा वाटेत पुन्हा खोकायला लागला, तर खरं खोटं कोण सांगणार?"

बहिणीकडून परत येताना खड्ड्यागणिक पुतण्याचं हेल्मेट वहिनींच्या नाकावर उतरत होतं, आणि त्या एका हाताने ते वर ढकलत, दुसऱ्या हाताने चष्मेवाल्यांचा खांदा धरून होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवाल्यांनी दुकान उघडलं नाही. आधी त्यांना बाजारात जाऊन वहिनींच्या मापाचं हेल्मेट आणायचं होतं.