मेनेर वेसिंक यांच्या दोन रायफली

मेनेर वेसिंक, म्हणजे आपल्याकडचे वेसिंकसाहेब, दुकानात शिरले तेव्हा त्यांच्या दोन्ही खांद्यांना एकेक लांब पेटी लटकत होती, आणि चेहराच असा होता की मृदुलाने ओळखलं, आज हे भांडायच्या तयारीने आलेत. ऑक्टोबरचा सोमवार होता. तिचा उजवा अंगठा सकाळपासून ठणकत होता. कुणाशी वाद घालण्याइतकं त्राण तिच्या अंगात नव्हतं.

"बेरेंडला बोलावू?" तिने विचारलं.

"नको. तूच ऐक." त्यांनी पेट्या काउंटरवर ठेवून उघडल्या. "ही नवी, ही जुनी. नवीवरची दुर्बीण काढ आणि जुनीवर चढव. शुक्रवारी रानडुकरांच्या शिकारीला माझी पाळी आहे. आणि नवी तुम्हीच ठेवून घ्या. टोमॅटोच्या वेलाला आधार द्यायला बरी पडेल."

आर्नहेम या डच शहराच्या उत्तरेला, जंगल सुरू होतं त्या गावात बेरेंडचं बंदूक-दुरुस्तीचं दुकान होतं. आजोबांपासून चालत आलेलं. मृदुला तिथे चौदा वर्षं काम करत होती. त्याआधी पुण्याला, भोसरीच्या एका कारखान्यात तिने अकरा वर्षं गेज बनवली होती. गेज म्हणजे माप तपासायचे पोलादी ठोकळे, एका केसाच्या जाडीचाही फरक चालत नाही असे. नवरा दिलीप आर्नहेमच्या एका वीजकंपनीत सॉफ्टवेअरच्या कामाला आला, तेव्हा ती सहा वर्षांच्या संहिताला घेऊन त्याच्यामागे आली. दोन वर्षं तिने एका बेकरीत ट्रे धुतले. खेमेंतच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, भाषावर्गात कुणीतरी या दुकानाचं नाव सांगितलं. बेरेंडने तिला एक लोखंडी पिन आणि मायक्रोमीटर दिला. तिने माप सांगितलं आणि वर म्हणाली की तुमचा मायक्रोमीटरच चुकतोय. त्याने दुसऱ्या दिवसापासून तिला कामावर घेतलं. पोलिसांची चौकशी आणि कागदपत्रं व्हायला मात्र पुढे पाच महिने गेले.

ज्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं त्या घरातली ती मुलगी. तिच्या आईने शेवटपर्यंत नातेवाइकांना "ती यंत्रांच्या दुरुस्तीत आहे" एवढंच सांगितलं. मृदुलाने स्वतः कधी गोळी झाडली नव्हती. तिला हरणं मारण्यात रस नव्हता आणि शिकाऱ्यांना नावं ठेवण्यातही नव्हता. तिला मापं कळत होती.

"नवीचं काय बिघडलंय?" तिने विचारलं.

"नव्या सगळ्याच बिघडलेल्या असतात. हात लावून बघ ना. प्लास्टिक. ही बघ, माझ्या वडिलांची. अठ्ठावन्न सालची. त्या काळी माणूस बसून कानस मारायचा. आता यंत्रातून सॉसेजसारख्या बाहेर पडतात."

हे बोलणं ती चौदा वर्षं ऐकत आली होती. जुनं चांगलं की नवं? दर हंगामाला कुणीतरी काउंटरवर कोपर टेकून विचारायचंच. सुरुवातीला ती सविस्तर उत्तर द्यायची. जुन्यांपैकी ज्या वाईट होत्या त्या केव्हाच भंगारात वितळल्या, उरल्या त्या चांगल्याच उरल्या, म्हणून आपल्याला जुनं सगळं चांगलं वाटतं, वगैरे. हल्ली ती नुसती मान हलवायची.

"पण झालं काय, मेनेर वेसिंक?"

वेसिंक यांनी टोपी काढली. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस. चाळीस वर्षं याच जंगलात वनरक्षक होता. "गेल्या महिन्यात रानडुकराची एक मादी होती," ते हळू आवाजात म्हणाले. "साठ पावलांवर. आडवी उभी. गोळी पोटात गेली. माग काढणाऱ्या कुत्रेवाल्याला बोलवावं लागलं. दुपारी बारापर्यंत आम्ही तिच्या मागे होतो. सापडली तेव्हा जिवंत होती." त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. "पन्नास वर्षांत असं झालं नव्हतं. म्हणून म्हणतो, ही रायफल नको."

ते गेल्यावर मृदुलाने दोन्ही रायफली बाकावर घेतल्या. आधी जुनी. बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा, तिने मागे ओढला आणि तिचा हात थांबला. तुपातून चमचा फिरावा तसा तो सरकला. कुठे खरखर नाही, डुगडुग नाही. अक्रोडाच्या लाकडी दस्त्यावर गालाच्या जागी दोन पिढ्यांच्या कातडीने झिलई आणलेली. मग नवीचा बोल्ट ओढला. तो मध्येच अडला. आतल्या खाचेची कड यंत्राने कापली होती तशीच सोडून दिलेली, बोटाला लागत होती. म्हातारा अगदीच खोटं बोलत नव्हता.

पण माप ते माप. तिने गेज काढलं. काडतुसाच्या आकाराचा ठोकळा, ठरल्या मापाहून किंचित मोठा. तो आत घालून बोल्ट मिटवून बघायचा. मिटला नाही तर रायफल निर्धोक. नवीत बोल्ट मिटला नाही. जुनीत तो इतका सहज मिटला की तिने काढून पुन्हा तपासलं. तिसऱ्यांदाही तेच. पासष्ट वर्षांच्या धक्क्यांनी आतली बैठक दबली होती. एखाद्या दिवशी काडतूस मागच्या बाजूने फाटलं असतं आणि जळता वायू थेट त्या माणसाच्या डोळ्यावर आला असता.

दुपारी बेरेंड नवी रायफल घेऊन चाचणीच्या पट्टीवर गेला. शंभर मीटरवरून, वाळूच्या पिशवीवर टेकवून त्याने तीन गोळ्या मारल्या. परत येऊन कागद तिच्यासमोर ठेवला. तिन्ही भोकं एका नाण्याखाली झाकली गेली असती.

"म्हणजे रायफल ठीक आहे," मृदुला म्हणाली.

"रायफल उत्तम आहे," बेरेंड म्हणाला, आणि खिडकीतून बाहेर बघत राहिला. नेम कुणाचा चुकला हे दोघांनाही कळलं होतं. शेवटी तोच म्हणाला, "दुर्बीण चढव आणि देऊन टाक. हा त्याचा शेवटचाच हंगाम असेल."

"जुनीवर? गेजवर बोल्ट मिटतोय तिचा, बेरेंड."

"वर्षातून चार गोळ्या मारतो तो."

"पाचवीला काय होईल ते तू मला लिहून दे."

"मी त्याला चाळीस वर्षं ओळखतो, मृदुला. माझ्या लग्नात त्याने हरणाचं मांस आणलं होतं. मी त्याला कसं सांगू?"

"तू नको सांगू," ती म्हणाली. "मी सांगते." बोलून गेल्यावर तिला वाटलं, आपण कशाला ओढवून घेतलं हे. तिने अहवाल लिहिला आणि खाली स्वतःची सही केली. बेरेंडने अहवाल न वाचताच कोट चढवला आणि तो निघून गेला.

घरी दिलीपने वरणभाताचा कुकर लावला होता. फोनवर संहिता होती, डेल्फ्टहून. मृदुला मराठीत बोलत होती, लेक डचमध्ये उत्तरं देत होती. "आई, तू दमलेली वाटतेस. आठवड्याला चारच दिवस काम का करत नाहीस?" संहिताने विचारलं. मृदुला म्हणाली, बघू. फोन ठेवल्यावर दिलीपने विचारलं, "काय झालं?"

"एका माणसाला सांगायचंय की चूक बंदुकीची नाही."

"मग कुणाची?" त्याने विचारलं, आणि तिचा चेहरा बघून ताटं वाढायला घेतली.

गुरुवारी वेसिंक आले. मृदुलाने त्यांना मागच्या खोलीत नेलं, कॉफी दिली, आणि गेज त्यांच्याच हातात ठेवलं. "तुम्हीच घालून बघा." बोल्ट मिटला. एवढं आयुष्य जंगलात काढलेल्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागला नाही. मग तिने नवीचा कागद दाखवला. त्यांनी त्या तीन भोकांवरून बोट फिरवलं.

"हे बेरेंडने मारलं?"

"हो."

"म्हणजे मी."

तिला काहीतरी मऊ बोलायचं होतं, पण डचमध्ये सुचेना, आणि मराठीतही सुचलं नसतं. "बोल्टबद्दल तुमचं खरं होतं," ती म्हणाली. "नवीचा अडतो. त्यांनी कडा घासलेल्याच नाहीत. जुन्या माणसांनी अशी रायफल दुकानाबाहेर जाऊ दिली नसती. पण ती नेम चुकवत नाही."

"उजव्या डोळ्यासमोर धुकं येतं," वेसिंक म्हणाले. "वर्ष झालं. मुलीला सांगितलं नाही. डॉक्टरलाही नाही. डॉक्टरला सांगितलं तर परवाना जाईल असं वाटलं." त्यांनी कॉफीचा कप दोन्ही हातांत धरला. "ती मादी आवाज करत होती. ते तुला सांगितलं नव्हतं."

 बाहेर बेरेंडची लेथ बंद झाली होती. तो दाराशी उभा राहून ऐकत असावा. पण तो आत आला नाही.

शुक्रवारी वेसिंक शिकारीला गेले नाहीत. पुढच्या आठवड्यात मुलीला, योकेला, घेऊन आले. तिने दोन वर्षांपूर्वी शिकारीची परीक्षा दिली होती, पण वडिलांच्या पुढे कधी रायफल उचलली नव्हती. नवी तिच्या परवान्यावर चढवायचं ठरलं. मृदुलाने तीन दिवस त्या बोल्टच्या खाचेवर बारीक दगड फिरवला. अंगठ्याला पट्टी बांधून, मध्ये मध्ये थांबून. जुनीसारखा तो झाला नाही. तसा तो होणारच नव्हता. पण अडायचा थांबला. योकेने ओढून बघितला आणि म्हणाली, छान आहे. वेसिंक यांनी हातसुद्धा लावला नाही.

जुनीचं काय करायचं हे त्यांनी डिसेंबरात ठरवलं. कपाटात ठेवायला परवाना लागतो, आणि परवाना त्यांनी स्वतःच परत केला होता. "कापून टाका," ते म्हणाले. "पण इथेच. दुसरीकडे पाठवू नका." बेरेंडने कागद भरले. इतक्या आठवड्यांत तो मृदुलाशी कामापुरतंच बोलत होता. त्या सकाळी मात्र त्याने न सांगता नळी धरली आणि करवत तिच्या हातात दिली.

वेसिंक बाहेर काउंटरपाशी बसून राहिले. काम अर्ध्या तासाचं म्हणून काढलेलं, त्यात सगळी सकाळ गेली. बोल्टच्या घराला पातं लागेचना. पहिलं पातं बोथट झालं, दुसऱ्याचे दात गेले. "पोलाद बघ," बेरेंड पुटपुटला, आणि दोघांनी आळीपाळीने ओढायला घेतलं. तिसऱ्या पात्याने ते तुटलं. मृदुलाचा अंगठा तोवर बधिर झाला होता.

दस्ता तेवढा वेसिंक यांनी मागितला. लाकडाला परवाना लागत नाही. मृदुलाने तो वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. "खूप वेळ लागला," ते म्हणाले.

"हो. चांगली होती."

त्यांनी मान हलवली आणि ते गेले. बेरेंड म्हणाला, आज तू लवकर निघ. तिने नाही म्हटलं नाही. वाऱ्याच्या उलट सायकल मारायला नको वाटली म्हणून ती सायकल तिथेच ठेवून बसने गेली. घरी येऊन कोटही न काढता ती सोफ्यावर बसली, आणि दिलीप पाच वाजता आला तेव्हा तशीच झोपलेली होती. त्याने तिचे बूट काढले, पांघरूण घातलं, आणि तिला उठवलं नाही.