पाचवी पासचा दाखला

रत्नमाला त्रिभुवन पहिल्यांदा माझ्या दुकानात आली ती रद्दी विकायला नाय, घ्यायला. मुकुंदवाडी स्टेशनच्या रस्त्याला माझं दुकान, वीस वर्षं झाली. लोक गोण्या आणतात, मी तोलते, पैसे देते, विषय संपला. ही बाई म्हणती, "सुरेखाताई, शाळेची पुस्तकं आली असतील तर मला आत बसून निवडू द्या." मी तोंडाची फटकळ. म्हणलं, "बाई, ही लायब्ररी हाय का? धुळीत बसशील अन् उद्या खोकला झाला म्हणून माझ्याच नावानं बोंब मारशील." ती हसली अन् बसली. चांगली तीन तास बसली. उठली तेव्हा केसापासून पायापर्यंत धूळ, अन् हातात सहावीचं गणित, सातवीचा भूगोल आणि पान फाटलेलं एक विज्ञान.

तेव्हापासून दर मंगळवारी दुपारी ती यायचीच. येताना पिशवीत खोडरबर आणायची. पुस्तकात आधीच्या पोरांनी पेन्सिलीनं उत्तरं लिहिलेली असायची, ती माझ्या दुकानात बसून खोडायची. मी म्हणलं, "अगं, उत्तरं आयतीच हायेत की. खोडतीस कशाला?" तर म्हणे, "ताई, दुसऱ्याचं उत्तर बघून लेकरू शिकत नसतं." असली ही बाई. मला राग यायचा अन् कौतुकही वाटायचं.

तिचा नवरा सुदर्शन चिकलठाण्याला कंपनीत. पोरगी एकच, श्रेया. पोरगी पाचवीत होती तेव्हा हे दोघं ख्रिस्ती प्रार्थनेच्या मंडळीत जायला लागले. सुदर्शनची दारू तिथं सुटली, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय, खोटं कशाला बोलू? पण गल्लीला ते पचलं नाय. शाळेत पोरं श्रेयाला "तुझा बाप बाटला" म्हणून चिडवायची. जेवणाच्या सुट्टीत तिच्या शेजारी कुणी बसंना. पंधरा दिवस पोरीनं डबा जसाच्या तसा घरी आणला. पाचवीचा निकाल लागला अन् रत्नानं दाखला काढला. मंडळीत आणखी चार घरं तशीच होती. त्यांच्या पाळकांनी, म्हणजे पाद्रीबाबांनी सांगितलं, लेकरं आपण घरीच शिकवू. रत्ना बारावी झालेली, म्हणून नऊ लेकरं तिच्या एका खोलीत यायला लागली.

पाळकांनी परदेशातून पुस्तकांचं एक खोकं मागवलं होतं, घरी शिकवणाऱ्या ख्रिस्ती आई-बापांसाठी छापलेलं. रत्नानं मला दाखवायला एक आणलं. गुळगुळीत कागद, पानोपानी शास्त्रातलं वचन, अन् चित्रात बर्फात खेळणारी गोरी गोरी लेकरं. गणितात डॉलर अन् इंच. रत्ना प्रत्येक पानावर कागद चिकटवून मराठी लिहायची, डॉलरचे रुपये करायची. तरी तिला कळत होतं. म्हणायची, "ताई, वचन आम्ही शिकवूच. पण परीक्षा इथलीच द्यायची ना? मग पुस्तकं इथलीच पाहिजेत." सरकारची फुकट पुस्तकं मिळतात ती शाळेत नाव असलेल्या पोरांना. हिच्या पोरांचं नाव कुठंच नव्हतं. म्हणून माझी रद्दी.

आता एक जाळायची गोष्ट सांगते. त्यांच्या मंडळीत रीत आहे, बाप्तिस्म्याच्या आधी जुन्या आयुष्यातलं जे काय असेल ते आणायचं अन् अंगणात घमेल्यात जाळायचं. कुणी गंडे-दोरे आणतं, कुणी ताईत. सुदर्शननं दारूची बाटली फोडली. अन् या शहाण्या बाईनं काय आणलं असेल? पोरीचा दाखला! त्यावर धर्माच्या रकान्यात जुना धर्म लिहिलेला. "प्रभूपुढं जाताना खोटा कागद जवळ कसा ठेवू?" असं म्हणून टाकला घमेल्यात. तिला कुणीही सांगितलं नव्हतं. पाळकसुद्धा "अहो बाई, अहो बाई" करत पुढं आले म्हणे, तोवर राख झाली होती. हे तिनं मला दोन वर्षांनी सांगितलं, अन् तेही अभिमानानं. मी कपाळावर हात मारला. "अगं येडे, सरकारी कागद असा जाळतात का?" ती म्हणली, "शाळा आहे की ताई. लागला तर दुसरा देतील."

तिला नड पडण्याआधीच ती शाळा बंद पडली. भाड्याच्या दोन मजल्यांवरची छोटी खासगी शाळा, लॉकडाऊननंतर पोरंच येईनात. घरमालकाला खोल्या रिकाम्या पाहिजे होत्या. संस्थेच्या माणसानं टेम्पो भरून सगळं माझ्याकडं टाकलं. पेपर, वह्या, नकाशे, हजेऱ्या. त्यात शाळेच्या वाचनालयातल्या पुस्तकांच्या चार गोण्या होत्या. मला असा आनंद झाला म्हणता! पाचवी ते दहावी, सगळे विषय, काही तर कोरी करकरीत. मी रत्नाला फोन लावला, "पळत ये." ती आली, गोण्या बघितल्या अन् रडायलाच लागली. माझे हात धरून म्हणे, "देवानं तुम्हाला आमच्यासाठी ठेवलंय."

त्याच टेम्पोत लाल कापडी बांधणीची जाडजूड रजिस्टरं होती. शाळेत आलेल्या गेलेल्या प्रत्येक पोराचं नाव, जन्मतारीख, सगळं त्यात असतं, हे मला नंतर कळलं. असली रजिस्टरं शाळा बंद झाली की सरकारात जमा करायची असतात, तेही नंतरच कळलं. तेव्हा मी काय केलं? पुस्तकं रत्नासाठी बाजूला काढली, अन् रजिस्टरांचे पुठ्ठे ओरबाडून आतला कागद कागदाच्या मिलच्या गाडीत भरला. कापड चिकटवलेला पुठ्ठा मिलवाले घेत नाहीत. एक पुठ्ठा मी वजनकाट्याच्या पायाखाली सरकवला, काटा डुलत होता म्हणून.

श्रेया त्याच पुस्तकांवर शिकली. आईबरोबर दुकानात आली की मी तिची परीक्षाच घ्यायचे. म्हणायचे, "सांग गं, रक्त लाल का असतं?" की ती धडाधड सांगायची. तिला नर्स व्हायचं होतं. माझा हात पत्र्यानं कापला तेव्हा तिनंच पट्टी बांधली, इतकी नीट की डॉक्टर म्हणाला, कुणी बांधली? गेल्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरायची वेळ आली. शाळेत न जाता दहावीला बसणाऱ्यांचा तो फॉर्म. रत्नानं त्या परदेशी खोक्यात आलेली प्रमाणपत्रं नेली. सहावी झाली, सातवी झाली, आठवी झाली, प्रत्येकावर सोनेरी शिक्का अन् पाळकांची सही. दरवर्षी मंडळीपुढं उभं करून, टाळ्या वाजवून दिलेली. क्लार्कनं ती उलटून पाहिली अन् परत दिली. "बाई, मला यातलं काही चालत नाही. पाचवी पासचा किंवा त्यापुढचा कुठलाही शाळेचा दाखला आणा. हरवला असेल तर शाळेकडून दुसरा आणा."

शाळा नाय. शिक्षण खात्याच्या कचेरीत गेली, तर तिथं म्हणाले, या शाळेचं रजिस्टर आमच्याकडं जमाच झालेलं नाही. संस्थेच्या माणसाचा फोन बंद. घरी शिकून परीक्षा देता येते त्या मुक्त शाळेत विचारलं, तर त्यांनी जन्माचा पुरावा मागितला. पोरगी जन्मली कन्नड गावाच्या पुढं, मामाच्या शेतवस्तीवर. ग्रामपंचायतीत नोंद कुणी केलीच नाय. उशिरा नोंद करायची तर पुन्हा शाळेचाच कागद पाहिजे. चार महिने ती बाई या दारातून त्या दारात फिरली. चप्पल झिजली, बोलणं कमी झालं. मंगळवारी यायची ती नुसती बसायची.

अन् एका मंगळवारी तिनं विचारलं, "ताई, ती चार गोण्या पुस्तकं त्याच शाळेची होती ना? त्यांच्याबरोबर काही रजिस्टर आलं होतं का हो? लाल रंगाचं असतं म्हणे."

मी काट्यापाशी उभी होते. काट्याखालून तो लाल पुठ्ठा बाहेर डोकावत होता. मी पाय सरकवून त्यावर ठेवला अन् म्हणलं, "नाय गं. नुसती पुस्तकं आली होती."

का म्हणलं असं? मला काही कळलं नव्हतं, मी मुद्दाम केलं नव्हतं, एवढं जरी बोलले असते तरी चाललं असतं. कदाचित माझा जबाब घेऊन कुणी काही रस्ता काढला असता, रजिस्टर इथं आलं होतं एवढं तरी कागदावर आलं असतं. पण मला भीती वाटली. पोलीस येतील, दुकान बंद होईल, अन् सगळ्यात जास्त भीती ही की ती माझ्याकडं बघील. मी, सगळ्या गल्लीला तोंडावर बोलणारी सुरेखा, त्या दिवशी खरं तेवढं बोलले नाय. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीचं पाणी तापवताना तो पुठ्ठा मी बंबात घातला. त्यावर शाळेचं नाव होतं, गोल अक्षरात. खोटं जवळ नको म्हणून तिनं कागद जाळला होता, त्याला मी येडेपणा म्हणले होते. अन् मी हे काय करत होते?

श्रेया आता एका खासगी दवाखान्यात आयाचं काम करते. फरशी पुसते, पेशंटची भांडी उचलते. सिस्टर इंजेक्शन भरायला लागल्या की हातातलं काम थांबवून बघत राहते, म्हणून बोलणी खाते. रत्नाच्या खोलीतली लेकरं कमी झाली. बाकीच्या आई-बापांनी घाबरून नावं शाळेत घातली, ते बरंच केलं.

रत्ना अजून येते. परवा अकरावीचं जीवशास्त्र आलं होतं, ते तिनं उचललं. मी म्हणलं, "आता कशाला गं?" तर म्हणाली, "कधीतरी प्रभू दार उघडील. तयारी असू द्यावी." मग पिशवीतून खोडरबर काढून बसली खोडत. निघताना माझा हात धरला, तोच, श्रेयानं पट्टी बांधली होती तो. "सुरेखाताई, तुम्ही नसता तर माझी लेक एक अक्षर शिकली नसती. रोज प्रार्थनेत तुमचं नाव घेते मी." मी पुस्तकाचे पैसे घेतले नाहीत. ती घ्या म्हणत राहिली, मी पाठ फिरवून गोण्या लावत बसले.